काउंटरवरचा जबडा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतात. फोन घेता आला आणि नावं लिहिता आली की अशी खुर्ची कुणालाही मिळते. वन्संना मात्र ती निव्वळ दातांच्या जोरावर मिळाली, आणि जायची वेळ आली तीही दातांपायीच. ते सगळं सांगायचं तर आधी वन्संचं तोंड समजून घ्यायला हवं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं शाळेत जात होत्या. वरचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले, आणि मधले दोन रस्त्यावर काय चाललंय ते बघायला बाहेर आलेले. ओठ मिटायचेच नाहीत. हसू आलं की हात तोंडावर जायचा. पुढे पुढे हात आधी जायला लागला आणि हसू मागून, आणि शेवटी हसू यायचंच थांबलं. मोठ्या झाल्यावर एका मालवाहतुकीच्या ऑफिसात फोन घ्यायला लागल्या. फोनवर दात दिसत नाहीत म्हणून त्या कामावर त्यांचा भारी जीव. लग्नाचं कुणी विचारलं तर तोंड फिरवायच्या. दात आत वळले नाहीत, पण जीभ तेवढी धारदार होत गेली.

मग आमच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर, एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना थाटला. दात उपटायचा नव्हे, वाकडे दात सरळ करायचा. पाटीवर त्यांच्या विद्येचं नाव एवढं लांब की वाचून होईपर्यंत माणसाचा एखादा दात हलायला लागावा. आम्ही सगळे त्याला तारेचा दवाखाना म्हणतो.

माझ्या लेकीचा एक दात दाखवायला मी वन्संना सोबत घेऊन गेले. डॉक्टरांनी लेकीच्या तोंडाकडे धड बघितलंसुद्धा नाही. गवंड्यानं पडकी भिंत बघावी तसे ते वन्संकडे बघत राहिले.

"ताई, माझ्याकडे कामाला येता का?" ते म्हणाले. "तार मी लावून देईन, फुकट. तुम्ही फक्त काउंटरवर हसत बसायचं."

"मला हसता येत नाही," वन्सं म्हणाल्या.

"ते मी बघतो."

डॉक्टरांची अडचण अशी होती की पोरांचे दात सरकतात हे लोकांना पटायचं, पण मोठ्या माणसाचे दात सरकतात हे कुणी मानायला तयार नव्हतं. त्यांना एक चालतंबोलतं मोठं माणूस पाहिजे होतं. लोकांनी यावं, बघावं, महिन्यानं पुन्हा यावं आणि म्हणावं, अरेच्चा, सरकले की! दुकानाच्या काचेत बाहुली उभी करतात तशी त्यांनी वन्संना बसवली. फरक इतकाच की ही बाहुली उलट उत्तरं द्यायची.

दात कसे सरकतात ते डॉक्टरांनी मलाही समजावून सांगितलं. मला आपलं वाटायचं, दात म्हणजे हाडात पुरलेला खांब. तसं नसतं म्हणे. एका बाजूनं सारखं, पण अगदी हळू ढकलत राहिलं की समोरचं हाड विरतं, मागे नवं हाड भरतं आणि दात चालायला लागतो. जोर जास्त झाला तर मूळच झिजून जातं. आमच्या सासूबाईंनी सुना अशाच जागेवर आणल्या होत्या, पण त्यांच्याकडे पाटी नव्हती.

तर वन्संच्या दातांवर धातूचे बारीक ठिपके चिकटवले, त्यातून तार ओवली. जागा करायला वरचे दोन चांगले धडधाकट दात काढून टाकले. "गर्दी झाली की कुणाला तरी उतरवावं लागतं," डॉक्टर म्हणाले. उतरवलेल्यांचा गुन्हा काय, ते काही त्यांनी सांगितलं नाही. दर महिन्याला तार आवळली जायची आणि पुढचे दोन-तीन दिवस वन्सं नुसतं पातळ पिऊन राहायच्या, आणि तेवढे दिवस दवाखान्यातले लोक त्यांना टरकून असायचे.

पण सरकले हो दात! खोटं कशाला बोलू. तार निघाली त्या दिवशी वन्सं माझ्या स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि काही कारण नसताना हसल्या. हात वर आला तोंडाकडे, मग अर्ध्यावरूनच खाली गेला. मी कांदा चिरत होते म्हणून बरं.

त्यानंतर बाईला आवरणं कठीण झालं. मरणाच्या घरीही दात दाखवून येतील अशी परिस्थिती. काउंटरवर हिरव्या कापडावर दोन प्लास्टरचे जबडे मांडलेले असायचे, एक त्यांचा आधीचा आणि एक नंतरचा. आईबाप पोराला घेऊन आले की वन्सं पहिल्या जबड्यावर बोट ठेवायच्या, "ही मी," दुसऱ्यावर ठेवायच्या, "ही पण मी," आणि मग स्वतःच्या तोंडावर ठेवून हसायच्या. समोरचा माणूस तिथंच गार.

आता खरी गोम. तार काढली म्हणजे संपलं असं नसतं. हिरडीच्या आत धागे असतात, ते दातांना ओढत राहतात. सुटी मिळाली की दात निघाले आपल्या मूळ गावी. म्हणून टाळूला बसेल अशी एक गुलाबी प्लेट देतात, समोरून तार असलेली, आणि ती रात्री तोंडात घालून झोपायचं. किती दिवस? तर मरेपर्यंत. प्लेट सांभाळायला पोरांना शिकवणं हे वन्संचं खातं होतं, आणि त्या खात्यात दयामाया नव्हती. पोरं त्यांना प्लेटवाली मावशी म्हणायची आणि जिन्यातूनच रडायला लागायची.

"प्लेट कुठंय?"

"हरवली."

"कशी?"

"घर बदलताना."

"घर बदलताना प्लेटच बरी हरवते? टीव्ही नाही हरवला?"

कुणाची कुत्र्यानं चावलेली असायची, कुणी कागदी रुमालात गुंडाळून कचऱ्यात टाकलेली असायची. वन्संकडे प्रत्येकाला उत्तर तयार. "कुत्र्याचे दात सरळ झाले का मग?" असं त्या इतक्या गंभीर तोंडानं विचारायच्या की पोराचा बापही खाली बघायचा.

आणि हीच बाई स्वतःची प्लेट लावायची बंद झाली.

त्याचं कारण टेलर. दात सरळ झाल्यावर वन्संना नवे कपडे शिवायची हौस आली. कोपऱ्यावरच्या दुकानात एक पोक्त टेलर होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज एकदम मऊ. खांद्याचं माप घेताना म्हणाले, "बाई, जरा हसायचं थांबा. तुम्ही हसलात की खांदा वर जातो आणि माप चुकतं." वन्संना आयुष्यात पहिल्यांदा कुणी हसणं थांबवा म्हणालं होतं. तीन वेळा माप चुकलं आणि मग दोघांनी ऑफिसात जाऊन सह्या करून लग्न केलं.

टेलरांचे दात म्हणजे मोत्याची ओळ. वन्संनी त्या दातांचं कौतुक करून करून माझे कान किटवले. "वहिनी, तारेचं बोट लागलेलं नाही हो एकाला! जन्मजात असे! आमच्या डॉक्टरांनी बघितले तर रडतील." माणूसही किती नीटनेटका ते सांगायच्या. इतर टेलर दोरा दातानं तोडतात, हे कधीच नाही, गळ्यात एक छोटी कात्री अडकवलेली. सफरचंदाच्या सुद्धा पातळ चकत्या करून खाणार. फक्त दवाखान्याचा वास त्यांना सोसत नाही म्हणून वन्संना न्यायला येत ते जिन्याखाली, चपलांच्या दुकानासमोर, उभे राहत. वर म्हणून चढत नसत.

अशा दातांच्या माणसाशेजारी प्लेट घालून झोपायचं वन्संना जमेना. ती घातली की "स" म्हटलं तर "श" निघतो आणि उशीवर लाळ येते. मग प्लेटची डबी गेली कपाटाच्या तळाशी. चार दिवस म्हणता म्हणता वर्षं गेली.

दातांनी काही घाई केली नाही. आधी पुढचा एक जरासा वळला, रांगेतला माणूस पुढे किती गर्दी आहे ते बघायला मान काढतो तसा. मग त्याला बघून दुसरा. वन्सं ओठ मिटून हसायला लागल्या. मग हसणं कमी केलं. मग मास्क चढवला. मजा बघा, यातलं डॉक्टरांना काहीही कळलं नाही. तोंडात मिलिमीटरचा फरक शोधणारा माणूस, पण पाच हातांवर बसलेल्या बाईकडे बघायला त्याला सवड नव्हती. उलट म्हणाले, "ताई, हल्ली तुम्ही फार छान गंभीर असता. दवाखान्याला शोभतं."

असं आणखी किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण एका दुपारी वन्सं माझ्याकडे आल्या, मास्क काढला, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मी मेले."

झालं होतं असं की डॉक्टरांना ज्यांनी शिकवलं त्या मॅडम, आता पार म्हाताऱ्या झालेल्या, इतर डॉक्टरांना घेऊन दवाखाना बघायला येणार होत्या. त्यांना एकच गोष्ट बघायची होती: तार काढून वर्षं झाल्यावर दात जागेवर राहिलेत का. आणि डॉक्टर छाती फुगवून म्हणाले होते, "ताई, तुम्ही माझी पहिली केस. तुमच्यापासूनच सुरुवात."

"दाखवा बघू," मी म्हटलं.

त्यांनी दाखवले. माझी जीभ आपोआप टाळ्याला लागली.

"एवढे वाईट?"

"पूर्वीइतके नाहीत. पण निघालेत. पोहोचायला वेळ लागेल इतकंच. डॉक्टरांना सांगून टाका की."

"कोणत्या तोंडानं सांगू? सगळ्या पोरांना मी बजावलंय."

"ह्याच तोंडानं. दुसरं कुठंय?"

"चेष्टा करू नका, वहिनी. त्या खुर्चीवर मला दातांसाठी बसवलंय. दात गेले की खुर्ची गेली. या वयात पुन्हा मालवाहतुकीचे फोन घेऊ का?" आणि मग हळूच, "आणि ह्यांना कळलं, की एवढी वर्षं मी तोंड मिटून का हसत होते, तर?"

नोकरीपेक्षा टेलरच जास्त नडत होते, ते मला तेव्हाच कळलं.

पर्समधून त्यांनी प्लेटची जुनी डबी काढली. "जबरदस्तीनं बसवते. आठवडाभर घातली की येतील मागे." एकदा जी वस्तू बसत होती ती पुन्हा बसायलाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मी नको म्हणायच्या आत त्यांनी अंगठे लावून ती वर दाबली. कट्ट आवाज झाला. प्लेट अर्धी बसली, अर्धी लटकली, आणि ना वर जाईना ना खाली येईना. डोळ्यांतून पाणी, तोंडातून नुसतं "हं हं हं." शेवटी मी चमच्याचा दांडा घालून ती उचकटली, पत्र्याच्या डब्याचं झाकण काढतात तशी. तार वाकडी झाली. वन्सं म्हणाल्या, "पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांना खाल्लं असतं."

पाहुणे यायच्या दिवशी चहा करायला मला बोलावलं होतं. दवाखान्याच्या मागे एक चिंचोळी खोली आहे, तिथं एका बाजूला चहाची शेगडी आणि दुसऱ्या बाजूला छतापर्यंत पुठ्ठ्याचे डबे. प्रत्येक डब्यात कुणाचा ना कुणाचा प्लास्टरचा जबडा. तिथं उभं राहिलं की शंभर माणसं न बोलता आपल्याकडे बघतायत असं वाटतं. मी कप पुसत होते, तेवढ्यात वन्सं आत आल्या. चेहरा एकदम निवांत. मलाच भीती वाटली.

"मी बंदोबस्त केलाय," त्या म्हणाल्या.

"कसला?"

"काउंटरवर बघा जाऊन."

मी डोकावले. हिरव्या कापडावर एकच जबडा होता. दुसरा, म्हणजे त्यांचा नंतरचा, पुसताना पडून फुटला होता म्हणे. भिंतीवरचा त्यांचा जुना फोटोही काच तडकली म्हणून उतरवलेला. आणि जो एक जबडा होता तो बघून मी दोन पावलं मागे आले. काय ते ध्यान! एक सुळा नाकाच्या दिशेनं निघालेला, एक दात आडवा झोपलेला, पुढच्या दाताचा टवका उडालेला, आणि खालची एक दाढ मुळातच नाही.

"हा तुमचा नाही," मी कुजबुजले.

"नाहीच. दवाखान्यातला सगळ्यात वाईट शोधून काढलाय. अगदी वरच्या फळीवर, मागे, बिननावाचा डबा होता. ह्याच्यापुढे माझे आताचे दात म्हणजे मोती वाटतील, वहिनी. आधी हे, आणि आता ही मी. कोण म्हणेल सुधारणा झाली नाही?"

खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. वकील व्हायची बाई.

पाहुणे आले. चार-पाच डॉक्टर, सगळ्यांचे दात एका फॅक्टरीतून आल्यासारखे, आणि मध्ये काठी टेकत म्हाताऱ्या मॅडम, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आमचे डॉक्टर मास्क लावून पुढे पुढे करत होते. वन्संना मोठ्या दिव्याखालच्या खुर्चीत बसवलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. आत जायचं धाडस होईना आणि मागे फिरायचीही इच्छा होईना.

डॉक्टरांनी काउंटरवरचा जबडा उचलला आणि त्याच्याकडे न बघताच मॅडमच्या हातात दिला. "मॅडम, ही माझी पहिली केस. अत्यंत अवघड. सगळे म्हणाले होते, हा जबडा सुधारणं अशक्य."

मॅडमनी चष्मा चढवला. जबडा डोळ्यांजवळ नेला, फिरवला, पुन्हा फिरवला. मग वन्संना म्हणाल्या, "तोंड उघड, बाळ."

पन्नाशीच्या पुढची बाळ. वन्संनी मास्क काढून तोंड उघडलं.

मॅडमनी छोटा आरसा आत घातला. एकदा आत बघितलं, एकदा हातातल्या जबड्याकडे. "अरे, ह्याच्यात खालची दाढ नाहीये."

"हो मॅडम!" डॉक्टर लगेच म्हणाले. "ती जागा आपण बंद केली. मागची दाढ पुढे आणली. वर्ष गेलं त्यात. माझी झोप उडाली होती."

"असं? मग इथं तर ती दाढ उभी आहे. आणि तिच्या मागचीही जागेवर आहे. तुझ्या तारेनं दाढ उगवली?"

कुणीतरी खोकलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा तो जबडा नीट बघितला, आणि बघतच राहिले. वन्सं तोंड उघडंच ठेवून छताकडे बघत होत्या.

मॅडम हळू बोलायला लागल्या. "सगळे अशक्य म्हणाले होते, नाही का? मी तर म्हटलं होतं, पोरगं गोळ्या चघळायचं थांबवेल तर होईल. दाढ त्यानं गोळ्या खाऊन किडवली होती. पुढचा दात सायकलवरून पडून फोडला होता. मी माणसांची नावं विसरते रे, पण मी हलवलेला दात विसरत नाही. हा जबडा मी केलाय. कॉलेजात नाव घालायच्या आधी आईचा हात धरून माझ्याकडे आला होतास, आठवतं का? स्वतःचं तोंड ओळखलं नाहीस?"

वन्संनी दवाखान्यातला सगळ्यात वाईट जबडा शोधला होता, आणि तो निघाला डॉक्टरांचा! हेच डॉक्टर आईबापांना सांगायचे, "माझे दात नशिबानं जन्मापासून सरळ आहेत, पण मला तुमच्या मुलाचं दुःख समजतं."

"मास्क खाली कर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आत्ता पाहुण्यांसमोर..."

"खाली कर."

मास्क खाली आला. वरचे दात झकास होते. खालचे मात्र बाजारात थैल्या घेऊन उभ्या बायकांसारखे एकमेकांना कोपरानं ढकलत उभे. पाटीवरचा हसरा फोटो कुठल्या सालचा आहे ते तेव्हा उमगलं.

"प्लेट कुठाय तुझी?" मॅडमनी विचारलं.

"ती... घर बदलताना हरवली, मॅडम."

आणि वन्संच्या तोंडून, खुर्चीत पडल्या पडल्या, सवयीनं निघून गेलं, "घर बदलताना प्लेटच बरी हरवते? टीव्ही नाही हरवला?"

मग एक तरुण डॉक्टरीण फस्सकन हसली आणि मग सगळेच. डॉक्टर लाल झाले. वन्संनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, अगदी शाळेत असताना झाकायच्या तसं.

हसले नाहीत ते फक्त मॅडम. त्यांनी वन्संचे हात बाजूला केले. "आणि तुझी गं? तुझी कुठंय? आणि ह्याचा जबडा तिथं कुणी ठेवला?"

वन्सं उठून बसल्या. त्यांना पळून जाता आलं असतं, दार मोकळं होतं, मी आणि ट्रे एवढाच अडथळा. पण म्हणाल्या, "मी ठेवला. मला ठाऊक नव्हतं कुणाचा ते. दात सरकलेत हे लपवायचं होतं. प्लेट मी लावत नाही, लग्न झाल्यापासून. नवऱ्याला दिसू नये म्हणून."

डॉक्टर तोंड उघडून काही बोलणार होते. मग त्यांना आपले खालचे दात आठवले असावेत, कारण त्यांनी ते मिटलं.

"तुझ्या नवऱ्यानं काय दात मोजून बायको केली?" मॅडम म्हणाल्या. "मूर्ख आहात दोघं. तार लावायला कसलं शहाणपण लागतं? पकड आणि चिमटा आला की झालं. पुढे रोज प्लेट लावणं, एवढंच आपल्या विद्येत अवघड आहे, आणि तेच तुम्हाला जमलं नाही. चला, दोघांना परत तार. मापं घ्या. आत्ता, माझ्यासमोर. आणि तू," डॉक्टरांकडे काठी करून, "हिला कामावरून काढायचा विचार करत असशील तर आधी मला फोन कर. मी इथं येऊन बसेन आणि सगळ्या आईबापांना तुझा जबडा दाखवेन."

त्यानंतर जे झालं ते बघायला मी चहा पुन्हा गरम करायलाही गेले नाही. डॉक्टर खुर्चीत बसले. वन्संनी रबराच्या वाटीत दातांचा ठसा घ्यायची गुलाबी लगदी कालवली, नेहमीपेक्षा जरा जास्तच, साच्यात भरली आणि डॉक्टरांच्या तोंडात कोंबली. डॉक्टरांना उमासे यायला लागले, डोळे बाहेर आले. वन्सं त्यांच्या कानाशी वाकून, पोरांना सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, "नाकानं श्वास घ्यायचा. पायाची बोटं हलवायची. शहाणा मुलगा ना?" आणि डॉक्टरांनी बूट हलवले.

संध्याकाळी आम्ही दोघी जिना उतरलो. वन्संची नोकरी वाचली होती, पण टेलरांना सांगायचं अजून बाकी होतं. खाली टेलर उभे होते, हातात छत्री, गळ्यात कात्री. वन्सं शेवटच्या पायरीवर थांबल्या. खाली उतरल्याच नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला परत तार बसणार आहे. माझे दात सरकलेत. एवढी वर्षं लपवलं तुमच्यापासून. तार निघाली की रात्री प्लेट, मरेपर्यंत. तोंडात गुलाबी घाण घेऊन झोपणार, लाळ गळणार, बोलले तर समजणार नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा. वहिनी आहेत साक्षीला."

टेलर रस्त्याकडे बघत राहिले. छत्री या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, संपलं.

"रात्री काढून... म्हणजे घालून झोपायचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मीही काढून झोपलो तर चालेल?"

"काय काढून?"

टेलर चपलांच्या दुकानाच्या भिंतीकडे वळले. खिशातून रुमाल काढला, तोंडाशी नेला, खांदे जरा हलले. वळून त्यांनी रुमाल उघडला. त्यात वरची अख्खी ओळ होती, वन्संनी माझे कान किटवले ती, तारेचं बोट न लागलेली. टेलरांचा वरचा ओठ आत गेला होता आणि ते एकदम दुसऱ्या कुणाचे तरी वडील दिसत होते.

"खालचीही तशीच," ते म्हणाले, पण मऊ आवाजात नुसती हवाच आली. "तुम्ही त्या दवाखान्यातल्या. मला वाटलं, कळलं तर तुम्ही..."

रोज पन्नास लोकांच्या तोंडात डोकावणारी ही बाई. एका ताटलीत सफरचंद खाल्लं दोघांनी, आणि हिला पत्ता नाही! मी वन्संकडे बघितलं. त्या शेवटची पायरी उतरल्या.

"म्हणजे एवढी वर्षं कवळी रात्रभर तोंडात?" त्या कडाडल्या. चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक एक पाय मोज्यात घेऊन बाहेर आलं. "रात्री काढून पाण्यात ठेवायची असते एवढं कुणी सांगितलं नाही? हिरड्यांचं काय झालं असेल! उघडा तोंड. उघडा म्हणते ना! वहिनी, त्यांची मान जरा उजेडाकडे धरा."

आणि भर रस्त्यात, दुकानाच्या दिव्याखाली, टेलरांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. वर खिडकीत डॉक्टर उभे होते, हात तोंडावर ठेवून.

वन्संची दुसरी तारही आता निघाली. काउंटरवर त्या परत हसत बसतात, आणि पोरांना तेवढ्याच निर्दयपणे रडवतात. डॉक्टरांचं काय ते विचारू नका, ते अजून मास्क लावतात. पण त्यांचा तो जबडा हिरव्या कापडावरून हलवायला मॅडमनी मनाई केली आहे. कुणाचा म्हणून विचारलं की वन्सं सांगतात, "आहेत एक मोठे गृहस्थ," आणि आतल्या दाराकडे बघत नाहीत.

परवा सकाळी लवकरच मी त्यांच्याकडे गेले होते. खिडकीत एका पेल्यात कवळी होती, शेजारी प्लेटची उघडी डबी, रिकामी. टेलरांनी दार उघडलं आणि बोळक्या तोंडानं काहीतरी म्हणाले. आतून वन्संनी प्लेटीतून काहीतरी ओरडून उत्तर दिलं. दोघं कडाक्यानं भांडत होते. कशावरून ते काही मला कळलं नाही, एकही अक्षर धड नव्हतं. पण हरायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून मी चहा ठेवला आणि वाट बघत बसले.